ताप उतरत नाही, सीटी स्कॅन नॉर्मल? रक्तवाहिनीतलं इन्फेक्शन शोधणारा पेट-सीटी नेमका चालतो कसा?

समजा घरातल्या एखाद्या आजोबांची महाधमनी फुगली होती, म्हणून डॉक्टरांनी तिथे कृत्रिम नळी बसवली. या नळीला ग्राफ्ट म्हणतात. दोन वर्षांनी त्यांना ताप येऊ लागतो. गोळी घेतली की उतरतो, पुन्हा चढतो. सीटी स्कॅनमध्ये ठोस काही सापडत नाही. आता प्रश्न असा, की जंतू ग्राफ्टवर बसलेत का?

उत्तर चुकलं तर दोन्हीकडून धोका आहे. इन्फेक्शन असून लक्षात आलं नाही, तर जोड सुटून आत जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. नसताना ग्राफ्ट काढायला गेलो, तर ती मोठी आणि जोखमीची शस्त्रक्रिया विनाकारण होते.

सीटी म्हणजे नकाशा, पेट म्हणजे लाइव्ह ट्रॅफिक

मोबाइलवर सीताबर्डीचा नकाशा उघडा. रस्ते, चौक, उड्डाणपूल सगळं दिसतं, पण व्हरायटी चौकात आत्ता जाम आहे का, हे लाइव्ह ट्रॅफिक चालू केल्यावरच कळतं. सीटी स्कॅन शरीराची रचना दाखवतो. तिथे आत्ता काय हालचाल चालली आहे, ते पेट दाखवतो. पेट-सीटीत दोन्ही चित्रं एकावर एक बसतात.

आत नेमकं काय होतं?

रुग्णाला एफडीजी नावाचं इंजेक्शन देतात. ही साखरेसारखीच गोष्ट, फक्त तिला फ्लोरिन-18 हा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी साखर भराभर ओढून घेतात, त्यामुळे लढाईच्या जागी एफडीजी साठतं. तिथून उलट दिशांना निघणारे गॅमा किरण मशीनचं कडं टिपतं आणि स्क्रीनवर तो भाग चमकतो.

नागपूरसाठी वेळेचं गणित

फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होतं. ते सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात बनतं. भारतातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन 2002 मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झालं. आता कल्पना करा, मुंबईहून डोस 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाने 8 तासांत नागपूरला आणला. पोचेपर्यंत उरेल जेमतेम 5 टक्के! म्हणूनच हे औषध जवळपास बनवावं लागतं, नाहीतर विमानाने आणावं लागतं. तुमची अपॉइंटमेंट मिनिटांच्या हिशोबाने का देतात, ते आता कळलं ना?

चमकलं म्हणजे इन्फेक्शनच का?

नाही! इथेच गडबड होते. नुकत्याच झालेल्या ऑपरेशनची जखम भरतानाही पेशी साखर ओढतात. ग्राफ्टच्या कापडामुळेही सगळीकडे सारखी, फिकट चमक दिसू शकते. एकाच ठिकाणी दाट, ठळक चमक असेल तर संशय वाढतो. उलट, आधीपासून अँटिबायोटिक चालू असेल तर चमक कमीही दिसू शकते. त्यामुळे डॉक्टर ब्लड कल्चर, सीटी आणि लक्षणं एकत्र पाहूनच निर्णय घेतात.

शंका राहिलीच तर दुसरा मार्ग आहे. रुग्णाचंच रक्त काढून त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करतात, त्यांना टेक्नेशियम-99एम किंवा इंडियम-111 जोडतात आणि परत शरीरात सोडतात. पेशी कुठे जमतात ते गॅमा कॅमेरा दाखवतो. काम किचकट आणि वेळखाऊ आहे, पण इन्फेक्शन ओळखण्यात ही तपासणी जास्त नेमकी.

स्कॅनला जाताना

- किमान 6 तास उपाशी राहा. साधं पाणी चालतं, पण चहा, ज्यूस नाही.
- डायबेटिस असेल तर आधीच सांगा. साखर वाढलेली असली की चित्र बिघडतं. इन्सुलिन किंवा गोळ्या मनाने बंद करू नका.
- ऑपरेशनची तारीख आणि चालू औषधांची यादी सोबत न्या.
- गर्भवती असाल किंवा बाळाला दूध पाजत असाल तर नक्की सांगा.
- इंजेक्शननंतर साधारण तासभर शांत पडून राहायचं. हो, मोबाइलही बाजूला!

किरणोत्सर्ग थोडा असतो, पण औषध त्याच दिवशी बरंचसं संपतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. त्या दिवशी भरपूर पाणी प्या, लहान मुलांना मांडीवर घेऊ नका.

घरात कुणाला ग्राफ्ट बसवलेलं असेल आणि ताप पुन्हा पुन्हा येत असेल, तर मेडिकलमधून गोळ्या आणून दिवस ढकलू नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, "यांना ग्राफ्ट बसवलंय." पुढची योग्य तपासणी त्या एका वाक्यावर ठरू शकते.