शिवडीची दफनभूमी आणि सहा फुटांचा नियम

शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत शिरलं की आधी झाडी नजरेत भरते. मुंबईचे पहिले पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी 1865 च्या सुमारास ही जमीन दफनासाठी मिळवली, त्याआधी इथे ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती. त्याच सोसायटीने पुढे भायखळ्याला केलेली बाग म्हणजे आपली राणीची बाग. बोरीबंदर स्थानकाचे वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स इथेच पुरलेले आहेत आणि टिळकांचे सहकारी काका बॅप्टिस्टाही.

मयत आत येण्याआधी कागद यावे लागतात. रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर डॉक्टरांचा नमुना 4, घरी झाला असेल तर 4 अ. अपघात किंवा संशयाचं प्रकरण असेल तर पोलिसांचे कागदही लागतात. दारी दुःख असताना अशी विचारपूस निष्ठुर वाटते, पण ती हवीच. एकदा माती पडली की मृतदेह पुन्हा बाहेर काढायला दंडाधिकाऱ्याचा हुकूम किंवा आयुक्तांची परवानगी लागते. 1969 च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी आणि दफनाच्या जागेचा कारभार पाहणाऱ्यावरही ती खबर देण्याची जबाबदारी आहे.

खड्ड्याचं मापही कायद्यानेच ठरवलेलं आहे. 1888 च्या मुंबई महानगरपालिका कायद्यानुसार पेटी, आणि पेटी नसेल तर देह, जमिनीखाली किमान सहा फूट असला पाहिजे. शेजारच्या कबरीपासून दोन फूट अंतर सोडायचं आणि वापरात असलेली कबर परवानगीशिवाय उघडायची नाही. मुंबईच्या पावसात वरची माती धुपते, कुत्री उकरतात; उथळ खड्ड्याचे हाल काय होतील ते सांगायला नको.

आडवी जागा मात्र संपत चाललीय. म्हणून बहुतेक कबरी मुदतीच्या असतात. साधारण दोनेक वर्षांनी कबर उघडतात, अस्थी गोळा करतात आणि कुटुंबाने भिंतीतला कोनाडा घेतला असेल तर त्यात ठेवतात. कोनाड्याच्या तोंडावर संगमरवराची छोटी पाटी, त्यावर नाव आणि दोन तारखा. काही पाट्यांवर एकाच घरातली तीन-चार नावं एकाखाली एक कोरलेली दिसतात. मोकळ्या झालेल्या मातीत दुसऱ्या कुणाला जागा मिळते. मुसलमानांच्या कब्रस्तानांतही कबरी अशाच फिरून वापरतात. लिंगायत समाज देहाला बसवून, हातात इष्टलिंग देऊन माती देतो, आणि हिंदूंमध्ये तान्ह्या मुलांना पुरण्याची रीत आहे. दफनभूमी हा एखाद्या समाजापुरता प्रश्न नाही.

मार्च 2020 मध्ये कोविडच्या सगळ्या मृतांचं दहनच करावं असं परिपत्रक मुंबई महापालिकेने काढलं आणि काही तासांतच बदललं. पुढे वांद्र्यातल्या दफनाला झालेला विरोध उच्च न्यायालयाने फेटाळला. 2024 मध्ये देवनारजवळ नवी जागा देण्यातल्या दिरंगाईवरून त्याच न्यायालयाने महापालिकेला खडसावलं. माझ्या मते हे खडसावणं फार उशिरा आलं. मुदतीचा नियम लोक आजवर निमूट पाळत आलेत. आपल्या माणसाची कबर दोन वर्षांत दुसऱ्यासाठी मोकळी करून देत आलेत. आहे ती जागा पुरत नसेल तर नवी देण्याचं कर्तव्य 1888 च्या त्याच कायद्याने आयुक्तांवर टाकलेलं आहे. नियमाची ही बाजू महापालिकेनेही पाळावी.