एक क्षण, दोन तारखा

मुंबईत १ जानेवारी २०२४ रोजी पहाटेचे ३ वाजले, तेव्हा लंडनमध्ये ३१ डिसेंबर २०२३ च्या रात्रीचे साडेनऊ झाले होते. क्षण एकच, परंतु तारीख निराळी, महिना निराळा आणि वर्षही निराळे! एका संगणकातील नोंदी दुसऱ्यात नेताना जो घोटाळा होतो, त्याचे मूळ येथेच आहे. नोंदीत नुसते ‘पहाटे ३’ असे लिहिले आणि ते कोठले, हे लिहिले नाही, तर घेणारे यंत्र ते आपल्याच गावचे समजण्याचा संभव असतो.

यावर रूढ उपाय असा की, घडून गेलेल्या घटनेची वेळ जागतिक समन्वित वेळेत लिहावी, किंवा स्थानिक वेळेपुढे तिचे अंतर जोडावे. भारताचे अंतर ‘अधिक ५ तास ३० मिनिटे’ असे आहे.

परंतु हे अंतर कायमचे स्थिर नसते. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली, तरी मुंबई शहराने आपली ४ तास ५१ मिनिटांची वेळ पुढे अनेक दशके सोडली नाही. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत, देशातील घड्याळे तासभर पुढे होती. न्यूयॉर्कमध्ये तर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी रात्री १ ते २ हा तास दोनदा येतो. त्या रात्रीच्या ‘दीड’ या नोंदीवरून, अंतर दिलेले नसेल तर, काहीच उमगत नाही. असे बदल स्थळवार नोंदविणारी एक सामायिक सारणी जगभरचे संगणक वापरतात. तीत भारताचे नाव ‘एशिया/कोलकाता’ असे आहे. मात्र १९७० पूर्वीच्या सर्व स्थानिक भेदांची हमी ती देत नाही.

सर्वांत फसवी असते ती जन्मतारीख. शाळेच्या नोंदीतील १४ जुलै ही तारीख संगणकाने ‘१४ जुलै, मध्यरात्र’ अशी साठविली आणि पाठविताना तिचे जागतिक वेळेत रूपांतर केले, तर ती १३ जुलै, सायंकाळचे साडेसहा अशी होते. पलीकडच्या यंत्राने तास गाळून तारीख तेवढी ठेवली, की मूल एका दिवसाने मोठे झाले! शिष्यवृत्तीची वयोमर्यादा ज्याला एकाच दिवसाने हुकते, त्याच्या दृष्टीने ही चूक लहान नव्हे. जन्मतारीख हा क्षणच नव्हे. तिला कोणतेही अंतर न लावता वर्ष, महिना, दिवस एवढेच पाठवावे.