दुसऱ्या क्रमांकाची अमानत

आमचा दहावीतला मुलगा मोबाइलवर निवडणूक लढवतोय, हे कळल्यावर मी आधी रागावलो. मग शेजारी बसून खेळ समजून घेतला.

ऑस्ट्रेलियातील कादंबरीकार मॅक्स बॅरी यांनी 2002 मध्ये 'नेशनस्टेट्स' सुरू केला. प्रत्येक खेळाडू एक काल्पनिक देश चालवतो. अनेक देशांचा मिळून प्रदेश होतो. खेळातल्या जागतिक सभेचे सदस्य एकमेकांना पाठिंबा देतात. ज्याला सर्वाधिक, तो प्रदेशाचा प्रतिनिधी. पाठिंबा फिरला की खुर्चीही फिरते.

म्हणून काही मोठे प्रदेश उपप्रतिनिधी निवडतात. पाठिंब्यात तो दुसरा हवा, म्हणजे प्रतिनिधी अचानक नाहीसा झाला तरी खुर्ची परक्याच्या हाती जात नाही. पण पहिल्याच्या पुढेही जायचे नाही.

"अब्बू, जाहीरनाम्यात काय लिहू?"

"खुर्ची हाताशी असून तू ती बळकावणार नाहीस आणि रोज पहारा देशील, यावर लोकांनी विश्वास का ठेवावा, ते लिही."

तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने माघार लिहिली : परीक्षेपर्यंत रोज हजर राहणे मला जमणार नाही.

"सुट्टीत पुन्हा उभा राहीन," तो म्हणाला. तेव्हा माझेही मत त्यालाच.