इंजिन तेच, गिअरबॉक्स दुसरा

जुनी जीप घ्यायला आलेला माणूस आधी बॉनेट उघडतो. धूर बघतो, इंजिनाला कान लावतो, ऑइलची पट्टी ओढून बघतो. गिअरबॉक्सची चौकशी एका प्रश्नात आटोपते: गिअर नीट पडतात ना? पडत असतील तर सौदा ठरतो. जीर्णोद्धार करणाऱ्यांचेही तसेच होते. इंजिनावर महिनोन्‌महिने खर्ची पडतात आणि मागचा डबा मिळेल तो चढवला जातो. इंजिन आणि गिअरबॉक्स ही जोडी जमवावी लागते, आणि ती जमवताना सुरुवात इंजिनापासून करायची नसते, हे ज्याला पटवून घ्यायचे असेल त्याने विलीस जीपचा इतिहास बघावा. महायुद्ध संपल्यावर या गाडीचे इंजिन जवळजवळ होते तसेच राहिले. बदलला तो गिअरबॉक्स.

विलीसच्या ‘गो-डेव्हिल’ इंजिनाचे मूळ १९२०च्या दशकातल्या व्हिपेट गाडीत आहे. कंपनीचे मुख्य अभियंता डेल्मार ऊर्फ बार्नी रूस यांनी त्या ४८ अश्वशक्तीच्या इंजिनाचा एकेक भाग तपासून त्याला ६० अश्वशक्तीवर आणले. चार सिलिंडर, २१९९ सीसी. बोअर ७९.४ मिलिमीटर आणि स्ट्रोक १११.१ मिलिमीटर, म्हणजे सिलिंडर अरुंद आणि पिस्टनची धाव लांब. अशा इंजिनाची ओढ खालूनच सुरू होते. सुमारे १४२ न्यूटन-मीटरचा सर्वांत मोठा टॉर्क ते मिनिटाला २००० फेऱ्यांवरच देते. ४००० फेऱ्यांना शक्ती शिखरावर पोहोचते आणि त्यापुढे पळवण्यात अर्थ उरत नाही. बाराशे-तेराशे फेऱ्यांनाही ते कुरकुर न करता ओढते, म्हणून दोन गिअरांमधले अंतर मोठे असले तरी चालते. तीनच गिअरांवर जीपचे भागले, ते याच स्वभावामुळे.

युद्धकाळातल्या जीपमध्ये, म्हणजे विलीस एमबीमध्ये, वॉर्नर कंपनीचा टी-८४ गिअरबॉक्स होता. पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.६६५, दुसऱ्याचे १.५६४, तिसरा सरळ. मागे स्पायसर-१८ ट्रान्स्फर केस, तिच्या ‘लो’चे गुणोत्तर १.९७, आणि अॅक्सलमधल्या क्राउन-पिनियनचे ४.८८. या तिघांचा गुणाकार केला की सर्वांत हळू गिअरचे एकूण गुणोत्तर २५.६ येते. इंजिन हजार फेऱ्यांवर असेल तर गाडी ताशी सुमारे पाच किलोमीटरने सरकते. सैनिकाच्या पावलाबरोबर चालायला, चिखलातून बाहेर पडायला आणि हलकी तोफ ओढायला एवढे पुरे होते.

१९४५मध्ये विलीसने नागरी वापरासाठी सीजे-२ए जीप आणली आणि ती शेतकऱ्याच्या कामाची म्हणून विकली. मागे नांगर लावा, पट्टा लावून करवत चालवा, पंप चालवा, असा तिचा प्रचार होता. इंजिन तेच. पण नांगर ओढायचा तर चाकांवर आणखी ओढ लागते, आणि तासन्‌तास पूर्ण भाराखाली ओढायचे तर टी-८४चे दाते आणि बुश नाजूक पडतात. म्हणून टी-९० आला. आकाराने दणकट, पहिला गिअर २.७९८, दुसरा १.५५१, तिसरा सरळ. ट्रान्स्फर केसची ‘लो’ अडीचच्या जवळ नेली, क्राउन-पिनियन ५.३८ केले. एकूण गुणोत्तर ३७च्या घरात गेले. आता इंजिन हजार फेऱ्यांवर असताना गाडी ताशी साडेतीन किलोमीटरने चालू लागली. वरच्या वेगात थोडे नुकसान झाले: ४००० फेऱ्यांना आधी ताशी १०९ किलोमीटर निघत, ते आता शंभराच्या आत आले. शेतकऱ्याला त्याचे काय? काम बदलले, त्याप्रमाणे चाकापासून मागे हिशेब मांडत गिअरबॉक्स ठरवला गेला. मला हा निर्णय मोटार अभियांत्रिकीतल्या अत्यंत समंजस निर्णयांपैकी एक वाटतो.

हा हिशेब कोणालाही करता येतो. ६.००-१६ टायरच्या एका फेरीत जीप साधारण सव्वादोन मीटर पुढे जाते. कसारा घाटासारख्या चढणीवर दुसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० किलोमीटर वेग धरला, तर इंजिन १९००च्या आसपास फिरत असते, म्हणजे टॉर्कच्या शिखराला लागून. ४० किलोमीटरला ते २५००वर येते. तिथे टॉप टाकला की फेरे १६००वर उतरतात. शिखरापासून फार लांब नाहीत, म्हणून गाडी दम सोडत नाही. आता याच जागी फेरे वर गेल्यावरच जागे होणारे एखादे आधुनिक पेट्रोल इंजिन बसवून बघा. अश्वशक्ती दुप्पट असेल, पण टॉप टाकताच फेरे त्याच्या ओढीच्या खाली जातील आणि चालक पुन्हा दुसऱ्यावर येईल. अशी गाडी रस्त्यावर दमलेली वाटते आणि दोष इंजिनाला दिला जातो.

गिअरांची संख्या मोजून गिअरबॉक्स निवडणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या सीजे-५ जीपचे उदाहरण बोलके आहे. तिच्यावर जादा पैसे देऊन चार गिअरांचा टी-९८ घेता येई. त्याचा पहिला गिअर ६.३९८! भरल्या गाडीला खडकावरून वर चढवायला तो अफलातून, पण रस्त्यावर त्याचा उपयोग नाही. मोकळी गाडी दुसऱ्या गिअरवरच सुटते. म्हणजे रोजच्या वापरात पुन्हा तीनच गिअर उरले, आणि डबा मात्र वजनदार झाला.

मुंबईत जीप घडू लागली ती महिंद्रांमुळे. के. सी. महिंद्रा यांची अमेरिकेत बार्नी रूस यांच्याशी भेट झाली होती, आणि १९४९मध्ये माझगावला विलीस जीपची जुळणी सुरू झाली. पुढे भारताच्या रस्त्यांवर जी जीप सर्वांत जास्त दिसली, ती १९५३च्या सीजे-३बी घराण्यातली, उंच बॉनेटची. ते बॉनेट उंच का, तर आतल्या ‘हरिकेन’ इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले होते, एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्येच राहिले. इंजिनाची उंची वाढली, शक्ती ७२ अश्वशक्तीवर गेली, टॉर्क सुमारे १५५ न्यूटन-मीटर झाला. पण बोअर, स्ट्रोक आणि २००० फेऱ्यांचे शिखर तेच राहिले. म्हणून टी-९० तसाच चालू शकला.

पुढे महिंद्रांनी प्यूजोचे एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन घेतले आणि ते इगतपुरीला बनू लागले. २११२ सीसी, बोअर ९०, स्ट्रोक ८३ मिलिमीटर. पेट्रोल परवडेना तसे कित्येक मालकांनी जुन्या जीपमधले हरिकेन उतरवून डिझेल चढवले. फेऱ्यांचा पल्ला दोन्हींचा जवळपास सारखा, त्यामुळे गुणोत्तरे कागदावर जुळतात. पण डिझेलचा प्रत्येक स्फोट जास्त दाबाचा असतो आणि तो धक्का थेट दात्यांवर येतो. म्हणून स्प्रिंगवाली क्लच प्लेट चांगल्या प्रतीचीच हवी. शिवाय पहिला गिअर, ‘लो’ आणि अॅक्सल मिळून इंजिनाचा टॉर्क ३७ पट होतो. हरिकेनच्या बाबतीत हिशेबाने चाकांपर्यंत साडेपाच हजारांहून अधिक न्यूटन-मीटर पोचतात. इंजिन आणखी मोठे बसवले तर गिअरबॉक्स टिकला तरी मागचा अॅक्सल शाफ्ट तुटू शकतो.

कागदावरचे जुळले की लोखंडातले सुरू होते. गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट क्लच प्लेटमधून जाऊन क्रँकशाफ्टच्या टोकातल्या पायलट बुशमध्ये बसतो. दुसऱ्या इंजिनासाठी मध्ये अॅडॉप्टर प्लेट घातली, तर तिच्या जाडीएवढा हा शाफ्ट मागे सरकतो आणि त्याचे नाक बुशपर्यंत पोचत नाही, किंवा जेमतेम टेकते. लांब बुश वळवून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरी तपासणी बहुतेक गॅरेजांत होतच नाही. फ्लायव्हीलवर चुंबकाच्या स्टँडने डायल गेज लावायचा, त्याची सुई बेल हाउसिंगच्या मागच्या भोकाच्या कडेला टेकवायची आणि इंजिन हाताने एक फेरा फिरवायचे. सुईची एकूण हालचाल ०.००५ इंचाच्या, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या भागाच्या, आत राहिली पाहिजे. मग सुई हाउसिंगच्या सपाट तोंडावर ठेवून तेच पुन्हा. हालचाल जास्त आली तर शाफ्ट आणि क्रँक एका रेषेत नाहीत. मग पायलट बुश एका बाजूने झिजते, क्लच पूर्ण सुटत नाही, गाडी दुसऱ्या गिअरमधून उडी मारते. मेकॅनिक सिंक्रो रिंग बदलतो, फोर्क बदलतो, आणि महिनाभरात तक्रार परत येते. अर्ध्या तासाच्या मोजमापाने हे टळते.

वापरताना दोन गोष्टी सांभाळायच्या. टी-९०मध्ये सिंक्रो दुसऱ्या आणि तिसऱ्यालाच आहे, पहिला सरकत्या गिअरचा. चालत्या गाडीत पहिला घ्यायचा तर डबल क्लच करून फेरे जुळवावेच लागतात. आमच्या जुन्या एसटी चालकांच्या हाताला ही सवय होती. आणि ऑइल जीएल-४ प्रतीचे घालावे, कारण जीएल-५मधली काही गंधकयुक्त रसायने पितळी सिंक्रो रिंगांना खातात. ऑइलची पातळी गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस दोन्हींत तपासावी. झिजलेल्या जीपमध्ये ते एका डब्यातून दुसऱ्यात जाते.

हायवेवर ताशी ८० किलोमीटरला इंजिन ३२००वर भणभणते, म्हणून पाच गिअरांचा डबा बसवायचा मोह होतो. त्यावर जुन्या काळातलाच एक उपाय आहे: ट्रान्स्फर केसच्या मागच्या पीटीओच्या, म्हणजे अवजारांसाठी शक्ती बाहेर काढण्याच्या, तोंडातून बसणारा वॉर्न ओव्हरड्राइव्ह. तो फेरे सुमारे चौथ्या भागाने कमी करतो, म्हणजे ८०ला २४००, आणि गाडीचा एकही मूळ भाग कापावा लागत नाही. नट काढले की जीप पुन्हा होती तशी.

कापाकापी टाळण्याला आता कायद्याचेही कारण आहे. २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक झालेली आणि मूळ स्वरूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरे मिळतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि नूतनीकरणाला ५,००० रुपये शुल्क आहे. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेली गाडी या व्याख्येत बसत नाही. तेव्हा तुमच्या दारात सीजे-३बी असेल, तर हरिकेन आणि टी-९० भंगारात देऊ नका. डिझेल चढवलेले असले तरी मूळ इंजिन, हाउसिंग आणि गिअरबॉक्स ग्रीस लावून, ताडपत्रीत गुंडाळून जपून ठेवा. आणि बदल अजून केला नसेल, तर आधी आरटीओत विचारा, मग स्पॅनर हातात घ्या.