खर्जाची तार आणि गाडीचं दार

बेळगावहून काकती, हत्तरगी, संकेश्वर मागे टाकत, तवंदी घाट ओलांडून निपाणीला पोचेपर्यंत गाडीत एखादा ख्याल सावकाश ऐकून होतो. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं गाणं लावा, पण आधी कान द्या तो तानपुऱ्याला. गाडीतल्या साऊंड सिस्टीमची खरी परीक्षा तोच घेतो.

समजा, गायकाचा सा काळी एकमध्ये आहे. मग जोडाच्या तारा सेकंदाला सुमारे १३८ वेळा कंप पावतात आणि खर्जाची ६९ वेळा. पण खर्जाच्या एका तारेतून ६९, १३८, २०७, २७६ अशी स्वरांची अख्खी रांग निघते आणि घोडीवरच्या जवारीमुळे वरचे स्वरही झळाळून उठतात. गाडीत काय होतं पाहा: ६९ची थरथर डिकीतल्या सबवूफरकडे जाते, १३८ आणि २०७ दारातल्या साडेसहा इंची स्पीकरकडे, अगदी वरची झळाळी काचेजवळच्या ट्वीटरकडे. मिरजेच्या कारागिरांनी एका भोपळ्यावर सांधलेला नाद गाडीत तीन ठिकाणी विखुरतो, आणि तो पुन्हा एक व्हायचा असतो आपल्या कानाशी!

सांधा बहुधा निखळतो तो मधल्या भागात, साधारण ८० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात. मिडबास म्हणतात तो हाच. डग्ग्याचा घुमारा आणि पुरुषी आवाजाचा भरदारपणा इथेच असतो. हायवेवर टायरांची घरघरही याच सुमाराला बरीच असते, त्यामुळे इथे जे आधीच दुबळं आहे ते पार बुडून जातं.

दोष अनेकदा स्पीकरचा नसतो, दाराचा असतो. स्पीकरचा पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात. १०० हर्ट्झची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. एवढी लांब लहर कडेला सहज वळसा घालते, मागची पुढचीला येऊन भिडते आणि दोघी एकमेकींना खोडतात. म्हणजे स्पीकर राबतो, पण आवाज जन्मतःच विरतो. म्हणून आधी ती भोकं ॲल्युमिनियमच्या पत्र्याने बंद करावीत, पत्र्यावर डॅम्पिंग शीट चिकटवावी, स्पीकरभोवती फोमची कडी बसवावी. दाराच्या तळाची पाणी निघायची छिद्रं मात्र बुजवू नका. बेळगावचा पाऊस काचेवरून दारातच उतरतो.

मग येते वेळेची गंमत. दारातला स्पीकर कानापासून एक मीटरवर आणि सबवूफर दोन मीटरवर असेल, तर सबवूफरचा आवाज जवळजवळ तीन मिलिसेकंद मागून येतो. ८० हर्ट्झचं एक आवर्तन साडेबारा मिलिसेकंदांचं. म्हणजे सुमारे पाव आवर्तन चुकलं. प्रोसेसरने दाराचा आवाज तेवढाच थांबवला की दोन्ही लहरी हातात हात घालून पोचतात. प्रोसेसर नसेल तर सबवूफरच्या दोन तारा उलटसुलट जोडून पाहाव्यात आणि ज्या जोडणीत खर्ज भरीव लागेल ती ठेवावी. क्रॉसओव्हर, म्हणजे सबवूफर आणि दार यांच्यातला सांधा, ८० हर्ट्झच्या आसपास ठेवून सुरुवात करा. १९७६ साली सिगफ्रीड लिंकविट्झ यांनी रस रायली यांच्या साथीने मांडलेली क्रॉसओव्हरची रचना आजही बहुतेक प्रोसेसरांत असते. तीत दोन्ही बाजू सांध्यावर निम्म्या पातळीवर येतात आणि मिळून पूर्ण होतात.

मला सर्वांत थक्क करतं ते यापुढचं. ८०च्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला जवळजवळ कळत नाही. दिशा तो वरच्या स्वरांवरून ठरवतो. दारं नीट घुमू लागली की १३८ आणि २०७ समोरून येतात आणि मेंदू ६९लाही त्यांच्याच रांगेत नेऊन बसवतो. डिकीतला खर्ज बोनेटवर ऐकू येतो. म्हणूनच दारं दुरुस्त झाल्यावर सबवूफरचा आवाज वाढवायचा नसतो, कमी करायचा असतो.