एकट्यानं टन कसा चढवायचा?

अमेरिकेत ठरावीक हंगामात हरणाची शिकार कायदेशीर असते. तिथल्या एकट्या शिकाऱ्याची खरी परीक्षा नेम धरताना होत नाही, ती नंतर होते. ऐंशी किलोचं निपचित धूड, समोर पिकअप, आणि हाकेच्या अंतरावर माणूस नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हा प्रसंगच मिटवून टाकला आहे. रस्त्यात जखमी किंवा मेलेलं हरीण दिसलं, तर ते गाडीत घालायचं नसतं, वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवायचं असतं.

पण एकट्या माणसानं स्वतःपेक्षा जड वजन गाडीत कसं चढवायचं, हा प्रश्न मात्र आपल्या अगदी दारातला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी वसवलेल्या आणि वडिलांचं नाव दिलेल्या जयसिंगपुरात दरवर्षी ऊस परिषद भरते. तिथं उसाच्या टनाला काय भाव मिळावा याची मागणी होते. गळीत हंगाम सुरू झाला की त्याच जयसिंगपुरातून उदगाव, नांदणी किंवा शिरोळच्या रस्त्याला लागा. कुठल्याही फडाच्या कडेला ट्रॉली उभी दिसेल, तिला टेकवलेली आडव्या पट्ट्यांची फळी दिसेल, आणि डोक्यावर उसाची मोळी घेऊन त्या फळीवरून चढणारी बाई किंवा बुवा दिसेल. भाव ज्याचा मागितला जातो, तो टन गाडीत असा चढतो.

हे कसं घडतं, ते समजून घेऊ लागलं की थक्क व्हायला होतं.

आधी जड वजन इतकं छळतं का, ते पाहू. पन्नास किलोची सिमेंटची गोणी आणि पन्नास किलोचं मेलेलं जनावर काट्यावर सारखंच भरतं, हाताला मात्र सारखं लागत नाही. गोणीला कोपरे असतात, तिचा आकार फारसा बदलत नाही. मेलेलं जनावर जिथं धराल तिथून निसटतं. मान एकीकडे लोंबते, पाय दुसरीकडे, आणि वजनाचा मध्य सतत सरकत राहतो. झोपलेलं मूल जागं असल्यापेक्षा जड लागतं, तेही याच कारणानं. जागं मूल आपल्याला धरून असतं, झोपलेलं सगळा भार सोडून देतं.

दुसरं कारण आपल्या पाठीत आहे. कमरेचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर असतात. वाकून, हात लांब करून ओझं धरलं, की ते मणक्यापासून सुमारे पन्नास सेंटिमीटरवर जातं. तरफेचा नियम इथं दयामाया दाखवत नाही. दहापट अंतर म्हणजे स्नायूंना दहापट ओढ. हातात पस्तीस किलो असले, तर कमरेच्या स्नायूंवर साडेतीनशे किलोंच्या वजनाएवढा ताण येतो. त्यात आपल्या स्वतःच्या धडाचा भार धरलेलाच नाही.

मग एकट्या माणसापुढे मार्ग किती? जगभर फिरून आलं तरी मूळ युक्त्या तीनच सापडतात. वजनाचे तुकडे करा, चढ लांबवा, नाहीतर ओझं हाडांवर घ्या. अमेरिकेतला शिकारी जागेवरच जनावराचे भाग करून एकेक भाग गाडीकडे नेतो, किंवा फळी लावून दोरीनं ओढतो. फडावरची माणसं या तिन्ही युक्त्या एकाच वेळी वापरतात.

तुकड्यांची गोष्ट सरळ आहे. टन कुणालाच उचलत नाही. वाढ्यांच्या पीळ दिलेल्या बंधानं बांधलेली पस्तीस किलोंच्या आसपासची मोळी उचलते. अशा सुमारे एकोणतीस मोळ्या चढल्या, की टन चढला.

फळीची गोष्ट मात्र चारशे वर्षं मागे नेते. चढावर जोर कमी लागतो हे माणसाला हजारो वर्षं ठाऊक होतं. नेमका किती कमी, आणि का, हे १५८६मध्ये सिमॉन स्टेविन या फ्लेमिश गणितज्ञानं दाखवलं, तेही काही न मोजता, निव्वळ विचारानं. त्यानं एक त्रिकोणी ठोकळा कल्पिला. एक उतार दुसऱ्याच्या दुप्पट लांब. त्यावरून चौदा सारख्या गोळ्यांची बंद माळ सोडली. लांब बाजूवर चार गोळे, आखूड बाजूवर दोन, उरलेले आठ खाली कमानीसारखे लोंबते. आता माळ फिरेल का? चार गोळे दोघांपेक्षा जड आहेत म्हणून ती फिरली, तर पुढच्याच क्षणी प्रत्येक गोळ्याची जागा दुसरा गोळा घेईल. चित्र जसंच्या तसं राहील, म्हणजे ती पुन्हा फिरेल, आणि कुणी हात न लावता अखंड फिरत राहील. असं होत नाही, हे आपल्याला पक्कं माहीत आहे. म्हणजे माळ स्थिर आहे. खालची कमान दोन्हीकडे सारखंच ओढते, तेव्हा ती कापून टाकली तरी काही बिघडत नाही. उरलं काय? लांब उतारावरचे चार गोळे आखूड उतारावरच्या दोघांनी तोलून धरलेले. उंची तीच, चढ दुप्पट लांब, जोर निम्मा. एका काल्पनिक माळेतून निसर्गाचा एवढा मोठा नियम हाती लागावा, हे मला आजही अद्भुत वाटतं.

हाच नियम पिकअपला लावू. हौदा जमिनीपासून एक मीटर उंच धरा आणि फळी तीन मीटरची. ऐंशी किलोचं पोतं थेट उचलायचं तर ऐंशी किलोंचा जोर लागतो, फळीवरून ओढायचं तर सत्तावीस किलोंचा. पण पोतं फळीला घासतं आणि त्या घर्षणापोटी आणखी जवळपास तेवढाच जोर जातो. म्हणून शहाणा माणूस घासत नाही, गोल वस्तू असेल तर लोळवतो. दोनशे किलोंचा भरलेला बॅरल फळीवर आडवा ठेवायचा. हौद्याला दोन दोऱ्यांची टोकं बांधायची, दोऱ्या बॅरलच्या खालून घेऊन वरून परत हौद्यात आणायच्या आणि हौद्यात उभं राहून ओढायच्या. फळीनं जोर एकतृतीयांश केला, दोरीच्या वळशानं त्याचाही निम्मा. दोनशे किलोंचा बॅरल सुमारे तेहतीस किलोंच्या ओढीनं वर येतो. मात्र एक मीटर उंचीसाठी सहा मीटर दोरी ओढावी लागते. जोरात सूट मिळते, कामात नाही. (बॅरलच्या खालच्या बाजूला मात्र कुणीही, कधीही उभं राहायचं नाही.) इटलीच्या किनाऱ्यावर कलंडलेलं ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे अवाढव्य प्रवासी जहाज सप्टेंबर २०१३मध्ये असंच कडेनं ओढून, वळवून सरळ केलं गेलं.

जिवंत जनावराचं गणित आणखी सुंदर आहे. २०१९ आणि २०२१च्या महापुरात शिरोळ तालुक्यातली जनावरं हलवावी लागली. चार-पाचशे किलोंची म्हैस कोण उचलणार? टेम्पो उंच बांधाला मागून लावला, की हौदा आणि जमीन एका पातळीत येतात आणि म्हैस आपल्या पायांनी आत जाते. फळीचं काम बांध करतो आणि जोर लावायचं काम म्हैस.

आता तिसरी युक्ती, डोक्यावरचं ओझं. हातात धरलेली मोळी कमरेला दहापट ओढ देत होती. तीच चुंबळीवर नेमकी बसली, की मणक्यापासूनचं अंतर जवळपास शून्य होतं. भार सरळ हाडांतून पावलांत उतरतो. १९८६मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात केनियातल्या लुओ आणि किकुयू स्त्रियांवरचं संशोधन छापून आलं. आपल्या वजनाच्या एकपंचमांश ओझं डोक्यावर किंवा कपाळावरच्या पट्ट्यानं पाठीवर घेऊन त्या सपाट जमिनीवर चालल्या, तरी त्यांना रिकामं चालण्यापेक्षा जास्त प्राणवायू लागला नाही. पुढच्या अभ्यासातून कारण उलगडलं. ओझ्याखाली त्यांची चाल लंबकासारखी आणखी काटकसरी होत होती.

पण पन्नास किलोंच्या बाईला ही फुकटची सवलत दहा किलोंपर्यंतच मिळते. मोळी त्याच्या साडेतीनपट असते, आणि फडावर सपाट जमीन नसते, चढ असतो. तरी नुसता चढवण्याचा हिशेब करून पाहा. टनभर ऊस सरासरी दोन मीटर वर न्यायचा, तर काम होतं सुमारे वीस हजार ज्यूल, म्हणजे पाच किलोकॅलरींहूनही कमी. प्रत्येक खेपेला स्वतःचं शरीर वर न्यावं लागतं, आणि स्नायू अन्नातल्या ऊर्जेच्या पाव हिश्शाचंच काम करून देतात. हे सगळं धरलं तरी आकडा पन्नास किलोकॅलरींच्या आत राहतो. जेमतेम अर्ध्या चपातीवर टनभर ऊस ट्रॉलीत चढतो!

मग माणसं एवढी थकतात कशानं? हा हिशेब फक्त वर जाण्याचा आहे म्हणून. तोडायला वाकणं, मोळी बांधणं, ढेकळांतून चालत येणं, डुगडुगत्या फळीवर तोल धरणं आणि उतरताना गुडघ्यांनी शरीर आवरणं यांची ऊर्जा त्यात नाही. ओझं नुसतं धरून उभं राहिलं तर पदार्थविज्ञानाच्या लेखी काम शून्य असतं, स्नायू मात्र सारखे जळत असतात. आणि सगळ्यात घातक क्षण म्हणजे मोळी जमिनीवरून डोक्यावर जाण्याचा, कारण तेवढा वेळ ती मणक्यापासून दूर असते. म्हणून तिथं जोडीदार हात देतो. वर एकट्यानं चढता येतं, पण डोक्यावर घ्यायला दोघं लागतात. फडावरच्या पिढ्यांनी हे कुठल्याही पुस्तकाविना ओळखलेलं आहे.

ओझ्याचं माप माणसाच्या हातात असतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७मध्ये प्रौढ पुरुषानं वाहायच्या ओझ्याला पंचावन्न किलोंची मर्यादा सुचवली. आपल्याकडे युरियाची गोणी २०१८मध्ये पन्नासवरून पंचेचाळीस किलोंवर आली. मग फडावरही थोडं बदलायला काय हरकत आहे? दोन मीटर उंची गाठायला तीन मीटरची फळी लावली तर चढ सुमारे बेचाळीस अंशांचा होतो, चार मीटरची लावली तर तीस अंशांचा. ट्रॉली बांधाच्या खालच्या अंगाला लावली तर उंचीच कमी होते. म्हणून ज्यांच्या शेतात यंदा तोड येणार आहे, त्यांना एवढंच सांगणं आहे: फळी लांब आणि रुंद ठेवायला सांगा, तिच्या पट्ट्या पक्क्या आहेत का ते बघा, ट्रॉली खोलगट जागी लावून घ्या आणि मोळी लहान बांधली तर घाई करू नका. तुमचा टन एकेका माणसाच्या मानेवरून चढतो.