विश्लेषण : नजर गुंतलेली असताना कान दिशा कशी दाखवतात?

औसा बस स्थानकात एसटी मागे घेताना वाहक खाली उतरतो. मागच्या कोपऱ्याशी उभा राहून शिट्टी वाजवतो, पत्र्यावर थाप मारतो. चालकाची नजर आरशात आणि पुढून जाणाऱ्या दुचाकींवर असते. तरी मागे वाहक कुठल्या बाजूला उभा आहे, हे त्याला न बघता कळते. कारण आवाजासोबत आवाजाची जागाही कानापर्यंत पोहोचते. याच तत्त्वावर विमानाच्या कॉकपिटमध्ये आणि आता मोटारींमध्येही काम सुरू आहे. त्याला ‘स्पेशियल ऑडिओ’, म्हणजे दिशा सांगणारा आवाज, म्हणतात.

कानाला दिशा कशी समजते?

उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानात आधी पोहोचतो. दोन्ही कानांतला हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत, साधारण ०.६ ते ०.७ मिलिसेकंद असतो. पण मेंदूला तेवढा पुरतो. शिवाय डोके मध्ये आल्याने दूरच्या कानाला आवाज थोडा मंद ऐकू येतो. जाड, खर्जातल्या आवाजाची दिशा वेळेच्या फरकावरून आणि बारीक आवाजाची तीव्रतेवरून ओळखली जाते, ही मांडणी ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये केली. आवाज पुढून की मागून, हे ठरवायला कानाच्या पाळीची वळणे आणि मान हलवणे उपयोगी पडते.

डोळ्यांचे तसे नाही. त्यांना स्पष्ट दिसते ते समोरच्या अगदी लहान भागातले. कान मात्र चहूबाजूंनी उघडे असतात.

याचा फायदा मोजला गेला आहे का?

होय. ‘नासा’च्या एम्स संशोधन केंद्रातील ड्युरंड बेगॉल्ट यांनी १९९३ मध्ये सिम्युलेटरवर वैमानिकांची चाचणी घेतली. जवळ येणाऱ्या दुसऱ्या विमानाचा इशारा काहींना एका कानात नेहमीसारखा दिला, तर काहींना ते विमान ज्या बाजूला आहे त्या बाजूने ऐकवला. दुसऱ्या गटाला विमान सुमारे २.२ सेकंद आधी दिसले. दिसलेल्या विमानांच्या संख्येत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे आवाजाने नजर वाढली नाही, शोधण्याचा वेळ वाचला.

२.२ सेकंद किरकोळ वाटतील. पण लातूर-औसा रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरने धावणारी गाडी तेवढ्या वेळात जवळपास ४९ मीटर पुढे गेलेली असते.

आपल्या गाड्यांत काय आहे?

१ जुलै २०१९ पासून भारतात नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. बीप-बीप जवळजवळ येऊ लागली की अडथळा जवळ आला, हे चालकाला कळते. पण डावीकडे की उजवीकडे, हे अनेक गाड्यांत कळत नाही आणि पुन्हा पडद्याकडे बघावे लागते. बीप त्या-त्या बाजूच्या स्पीकरमधून आली, तर नजर थेट योग्य आरशाकडे जाते. ताशी ८० किलोमीटरनंतर वाजणाऱ्या वेगाच्या इशाऱ्याला मात्र दिशा देऊन काही साधत नाही. वेगाला बाजू नसते.

मर्यादा कोणत्या?

इशारे जास्त झाले की माणूस ते बंदच करून टाकतो. गोंगाटात पुढचे-मागचे गोंधळते; जिथे सगळेच हॉर्न वाजवतात, तिथे एकाही हॉर्नची दिशा कामाची राहत नाही. गळिताच्या हंगामात मागचा दिवा नसलेली उभी उसाची ट्रॉली सेन्सरने टिपली नाही, तर स्पीकर कितीही चांगला असो, गप्पच राहणार. तिथे रिफ्लेक्टरची पट्टीच हवी.

आणि दिशा कळायला दोन्ही कान लागतात. ‘एकाच कानात इअरफोन आहे, दुसरा मोकळा आहे ना’ म्हणणाऱ्या दुचाकीस्वाराला मागचा ट्रक ऐकू येतो. तो कुठल्या बाजूने येतो आहे, हे नीट कळत नाही.